दुपारी घर बघणारे आबा

जळगावात आमच्या साप्ताहिकाला त्याच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. 'प्लॉटवाला पेपर द्या,' असं म्हणत लोक बसस्टँडजवळच्या टपरीवर यायचे आणि शनिवारचा अंक घडी करून खिशात घालायचे. घरं, प्लॉट, दुकानाचे गाळे, भाड्याच्या खोल्या एवढंच त्यात असे. राजकारण नाही, भविष्य नाही, शब्दकोडं नाही. धुळ्यासाठी शेवटचं पान राखलेलं असायचं. बी.ए. झाल्यावर मी असोद्याहून रोज एसटीने येऊन त्या पेपरात जाहिराती लिहायला लागले आणि आबांच्या हाताखाली सापडले. आता तो पेपर छापला जात नाही. लोक मोबाइलवर घरं शोधतात, आणि त्याच नावाने मी मोबाइलवर जे काही चालवते ते चालतं. पण मी सांगते आहे ते कागदाच्या दिवसांचं.

आबा संपादक, मालक, मुद्रितशोधक आणि कधीकधी झाडूवालेही. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना बाराही महिने काळी माती लागलेली असायची, कारण त्यांचा एक नियम होता. जी जागा स्वतः जाऊन पाहिली नाही, तिची जाहिरात छापायची नाही. मग जाहिरात चार ओळींची असो की पानभर.

आणि बघायची ती दुपारी. 'घर दुपारी बघावं, ताई,' ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले. 'सकाळी सगळीच घरं चांगली दिसतात.' ज्यांनी जळगावची मे महिन्यातली दुपार पाहिली आहे त्यांना या वाक्याचा अर्थ समजेल. रस्त्यावर कुत्रंही नसतं. अशा वेळी आबा स्कूटरला घडीचं स्टूल बांधून निघायचे, एखाद्या उघड्याबोडक्या प्लॉटच्या मधोमध ते मांडायचे आणि डोक्याला उपरणं गुंडाळून त्यावर बसायचे. वारा कुठून येतो, शेजारच्या गिरणीचा आवाज किती येतो, धूळ कुठे बसते. घर असेल तर प्रत्येक खोलीत बसायचे. मालकाने पंखा लावला तर 'बंद करा' म्हणायचे. मग शेजारच्या घरी जाऊन प्यायला पाणी मागायचे. ते पाणी तोंडात थोडा वेळ धरून गिळायचे, कारण बोअरचं पाणी मचूळ आहे का ते त्यांना कळायला हवं असे. शिवाय पाणी देणारी बाई दारात कशी उभी राहते यावरून शेजार कसा आहे तेही कळतं, असं त्यांचं म्हणणं.

मी लिहिलेली पहिली जाहिरात त्यांनी वाचली आणि त्यातला 'निसर्गरम्य' हा शब्द खोडला. मग 'सुवर्णसंधी' खोडला. 'हाकेच्या अंतरावर शाळा' इथे आल्यावर पेन थांबलं.

'हे तपासलंस?'

'म्हणजे जवळच आहे, आबा. तसं म्हणायची पद्धत आहे.'

'चल.'

त्यांनी मला त्या प्लॉटवर उभं केलं आणि स्वतः शाळेच्या फाटकापाशी गेले. तिथून ते मला हाका मारत होते, हे मला नंतर कळलं. मला काहीच ऐकू आलं नाही. मला एवढंच दिसलं की लांबवर एक पांढरा शर्ट हात वर करून उभा आहे, शाळेचा शिपाई धावत बाहेर आला आहे आणि दोन बायका गॅलरीत येऊन बघताहेत. परत आल्यावर त्यांचा घसा बसला होता. 'शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागतो,' असं त्यांनी कुजबुजत सांगितलं आणि मी तसं लिहिलं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते एका दैनिकात मुद्रितशोधक होते. ऱ्हस्वदीर्घाला अतिशय कडक. त्यांच्या थोरल्या बहिणीने आणि तिच्या यजमानांनी त्याच दैनिकातली जाहिरात वाचून प्लॉट घेतला. दोघं निवृत्त झाल्यावर तिथे घर बांधायला म्हणून गेले, तर प्लॉट दगडाच्या खाणीपलीकडे निघाला. रस्ता नाही, वीज नाही. अक्का भावाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण आबांनी जुन्या अंकातून ती जाहिरात काढून पाहिली. ती त्यांनीच तपासलेली होती.

'एकही चूक नव्हती, ताई,' आबा म्हणाले. 'वेलांटीसुद्धा जागच्या जागी. जाहिरात शुद्ध होती. खोटी होती, एवढंच.'

पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि हा पेपर काढला. त्यांच्या पत्नीचं, आमच्या काकूंचं, त्यावर ठरलेलं वाक्य होतं, 'जगाची घरं बघितली, आपलं एक बघितलं नाही.' ते खरंच होतं. आबा आणि काकू मेहरूणमध्ये तळ्याच्या बाजूला एका बैठ्या कौलारू घरात भाड्याने राहत. तुम्ही स्वतःचं घर का घेतलं नाही असं कोणी विचारलं की आबा म्हणायचे, 'एक घर घेतलं की माणूस बाकीच्या घरांकडे त्याच घराच्या खिडकीतून बघतो.' काकू हे ऐकून आत निघून जायच्या. त्यांना पोरंबाळं नव्हती. काकूंच्या मनात घराबद्दल काय होतं ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

धुळ्याच्या पानासाठी आम्ही आठवड्यातून एकदा एसटीने जायचो. एकदा जुन्या धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी घर विकायचं म्हणून बोलावलं. दोन मजली, मातीच्या भिंतींचं, अरुंद बोळातलं घर. आबांनी वरखाली सगळं पाहिलं आणि म्हणाले, 'माय, तुम्हीच सांगा काय लिहायचं ते.' ती बाई उंबऱ्यावर बसली आणि तिने आपल्या अहिराणीत सांगितलं. मी लिहून घेतलं ते असं:

'घर जुनं शे, पन रडकं नही. उन्हायामा मझारनी खोली थंडी ऱ्हास. जिना उभा शे, पाय दुखतस. शेजारीन भलती बोलकी शे, पन येळवर धाई येस. मी बठ्ठं आयुष्य आठेच काढं. आते पोरगा सुरतले लई जाई ऱ्हायना, म्हनीसन इकानं शे.'

एसटीत बसल्यावर मी त्याचं नीट मराठी करायला घेतलं: आतली खोली उन्हाळ्यात थंड राहते, सगळं आयुष्य इथेच काढलं, आता मुलगा सुरतला घेऊन चालला आहे म्हणून विकायचं आहे. आबांनी वही माझ्या हातातून काढून घेतली.

'काय करतेस?'

'सुधारते.'

'यात सुधारायचं काय आहे? घर तिचं आहे.'

जाहिरात तशीच छापली गेली. त्या आठवड्यात धुळ्यात ती हातोहात फिरली. लोक एकमेकांना वाचून दाखवत होते. घर एका निवृत्त शिक्षकांनी घेतलं. त्यांची बायको आजारी असायची. आबांनी त्यांना विचारलं की जिना एवढा उभा असूनही तुम्ही हे का घेतलं. ते म्हणाले, 'वेळेवर धावून येणारी शेजारीण कुठल्या जाहिरातीत मिळते?' ती शेजारीण स्वतःही एकदा जळगावला आमच्या कचेरीत येऊन गेली. आपल्याला बोलकी का म्हटलं याचा जाब विचारायला आली होती, आणि तासभर बोलून, माझ्या लग्नासाठी दोन स्थळं सुचवून गेली.

पण सगळंच असं गोड नव्हतं. शहरातले एक मोठे बिल्डर होते, सगळे त्यांना शेठ म्हणत. आमचा अर्धा पेपर त्यांच्या जाहिरातींवर चाले. हायवेच्या पलीकडे त्यांनी नवा लेआउट पाडला आणि पहिल्या पानाची जाहिरात पाठवली. आबा स्टूल घेऊन गेले. बरोबर मीही होते. जागा छान सपाट, मुरूम टाकलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या. आबा बराच वेळ बसले आणि मग कुंपणाच्या बाहेर बोट दाखवून म्हणाले, 'त्या बाभळी बघ.'

कुंपणाबाहेर एका बाजूच्या शेतातून बाभळींची एक वाकडीतिकडी रांग येत होती आणि कुंपणापाशी संपत होती. पलीकडच्या बाजूला, बरोबर समोर, ती पुन्हा सुरू होत होती. मधे शेठचे प्लॉट.

'नाला आहे,' आबा म्हणाले. 'बुजवलाय.'

त्यांनी शेठना निरोप पाठवला की जाहिरात छापतो, पण खाली एक ओळ माझी येईल: मधल्या रांगेखाली पूर्वी नाला होता, घेण्याआधी एकदा पावसाळ्यात येऊन पाहावं. शेठनी जाहिरात मागे घेतली. मग त्यांच्या ओळखीच्या दोघातिघांनीही घेतल्या. ती ओळ आबांनी तरीही छापली, जाहिरातीशिवाय, चौकटीत. आठ पानांचा पेपर बघताबघता एका कागदावर आला. मी घाबरले होते. घरी आईने दुसरी नोकरी बघ म्हणून पाठ धरली होती. मी आबांना म्हटलं, 'आता एकच कागद राहिला, आबा.'

'बरं झालं,' ते म्हणाले. 'लोकांचा वाचायचा वेळ वाचेल.'

पण त्यांना झोप लागत नव्हती हे काकूंनी मला सांगितलं होतं.

पावसाळा आला आणि गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी शेठ स्वतः कचेरीत आले. गाडी त्यांनी कोपऱ्यावर लांब उभी केली होती. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, 'आबा, माझी मुलगी धुळ्याला दिलीय. जावई फ्लॅट घेतोय. तुम्ही एकदा बघून याल?'

'तुमच्याकडे माणसं आहेत की, शेठ. इंजिनिअर आहेत.'

'माझी माणसं मला बरं वाटेल ते सांगतात.'

आबा उठले आणि स्टूल घेतलं.

शेठच्या गाडीतून आम्ही तिघं धुळ्याला गेलो. फ्लॅट देखणा होता. मुलगी आणि जावई आधीच येऊन थांबले होते, मुलीच्या कडेवर तान्हं बाळ होतं. आबा प्रत्येक खोलीत जाऊन बसले. शेठ बाहेर पॅसेजमध्ये उभे, परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखे. मग आबा खालच्या मजल्यावर पाणी मागायला गेले. परत आले ते सरळ मुलीपाशी.

'बांधकाम चांगलं आहे, पाणी गोड आहे, खालची माणसं चांगली आहेत,' ते म्हणाले. 'पण तुझ्या झोपायच्या खोलीमागे मंगल कार्यालय आहे. त्याचा जनरेटर या भिंतीला लागून आहे. आज मुहूर्त नाही म्हणून शांत वाटतंय. खालच्या ताई लग्नसराईत माहेरी जाऊन राहतात. बाळ लहान आहे तुझं, एवढंच बघ.'

मुलीने वडिलांकडे पाहिलं. शेठनी मान हलवली आणि जावयाला म्हणाले, 'दुसरा बघू.'

परतताना पारोळ्याला चहाला थांबलो. शेठनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, 'त्या नाल्याचं तुम्हाला सांगितलं कोणी? माझ्यातलाच कोणी फुटला असं मी धरून चाललो होतो.'

'बाभळींनी,' आबा म्हणाले आणि समजावून सांगितलं. शेठ ऐकत राहिले. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. पुढे त्या लेआउटमधली मधली रांग रिकामीच राहिली. तिथे आज लिंबाची झाडं आणि पोरांचे झोके आहेत. ते का झालं मला माहीत नाही. शेठनी कधी सांगितलं नाही आणि आबांनी कधी विचारलं नाही. पण त्यांच्या जाहिराती हळूहळू परत आल्या, आणि त्यांच्या खाली आबांची ओळही येत राहिली.

असे आबा. आणि त्यांच्यावर एक दिवस असा आला की मला वाटलं, आता हा माणूस हलेल.

त्यांचे घरमालक वारले. मालकांची मुलं पुण्याला. वर्षश्राद्ध झाल्यावर थोरला मुलगा कचेरीत आला. तो हातातला रुमाल या हातातून त्या हातात करत होता.

'आबा, आम्ही घर विकायचं ठरवलंय. तुम्हाला कसं सांगावं... आणि जाहिरात कुठे द्यावी तेही कळेना.'

'इथेच दे,' आबा म्हणाले. 'शनिवारच्या अंकात घेऊ.'

ही बातमी बाजारात पसरायला वेळ लागला नाही. खालच्या चहाच्या टपरीवर बसणारे एजंट एकेक करून वर यायला लागले. एकाने तर खुर्ची ओढून घेतली. 'आबा, तुम्ही जुने भाडेकरू. हलू नका. ते कोर्टात गेले तरी वर्षानुवर्षं निघतील. शेवटी तेच हात जोडून अर्धं घर तुमच्या नावावर करतील.'

'त्याच्या बापाने कधी माझं दार वाजवलं नाही,' आबा म्हणाले. 'पावसात गळलं तेव्हा स्वतः कौलावर चढला. मी त्याच्या पोराला कोर्टात नेऊ?'

मग माझ्याकडे वळले. 'ताई, हे घर तू बघून ये. मी बघायचं नाही. मी तिथे राहतो.'

मी भर दुपारी गेले. काकूंनी दार उघडलं. त्या घरात मी किती वेळा जेवले असेन, हिवाळ्यात आमच्या असोद्याची वांगी नेऊन त्यांच्या चुलीवर भाजली असतील. पण त्या दिवशी घर बघायला म्हणून आत पाऊल टाकलं आणि मला संकोच वाटला. काकूंनी तो घालवला. पुढे होऊन त्याच दाखवत गेल्या.

'लिही. न्हाणीची भिंत पावसाळ्यात ओली होते. पुढच्या खोलीत दुपारी बसवत नाही. नळाला पाणी पहाटे येतं, ते मागच्या नळाला आधी येतं.' आणि मागच्या दारात आल्यावर त्या थांबल्या. तिथून तळ्याकडचा वारा येत होता. 'हा वारा लिही,' त्या म्हणाल्या. 'हा मी कोणाला दाखवलेला नाही. त्यांनासुद्धा नाही. ते दिवसभर दुसऱ्यांच्या घरात.'

मी सगळं लिहिलं. आबांनी वाचलं. वाऱ्याच्या ओळीवर त्यांनी पेन टेकवलं. मला वाटलं, खोडतील. त्यांनी फक्त एक वेलांटी दीर्घ केली आणि कागद छपाईला दिला.

जाहिरात वाचून सावद्याहून एक केळीवाले शेतकरी आणि त्यांची बायको आली. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांना जळगावात घर हवं होतं. आबांनी स्वतः त्यांना घर दाखवलं. न्हाणीची ओली भिंत आधी दाखवली. गृहस्थ खूश झाले, पण सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, 'तुम्ही घरमालकाचे कोण?'

'भाडेकरू.'

'मंग आमी घेतल्यावर तुम्ही कुठी जाणार, आबा?'

आबांनी पुढच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत नजर टाकली. सगळ्या शहराच्या रिकाम्या खोल्या त्यांना पाठ होत्या. पण आपण कुठे जाणार हे त्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं. जाहिरात, वस्तुस्थिती, ओली भिंत, सगळं त्यांनी चोख केलं होतं, आणि आता ते हात मागे बांधून स्वतःच्या घराच्या मधोमध परक्यासारखे उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच म्हातारं झालेलं पाहिलं.

'धुळ्याला,' काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनीच तिकडे बघितलं. काकू हात पुसत बाहेर आल्या. 'माझी धाकटी बहीण आहे तिथे. धुळ्याला जाणार आम्ही. तुम्ही चहा घ्या.'

तो निर्णय त्यांनी कधी घेतला होता, त्याच क्षणी की कित्येक वर्षांपूर्वी, ते मी त्यांना विचारलं नाही. दोन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, 'तू चल माझ्याबरोबर. घर मी बघणार.' आम्ही धुळ्याला गेलो. भाड्याचीच घरं बघायची होती, तेवढीच ऐपत होती. काकूंची बघायची पद्धत वेगळी होती. त्या ना भिंती ठोकायच्या ना पाणी तोंडात धरायच्या. स्वयंपाकघरात जाऊन खाली फरशीवर बसायच्या आणि ओट्याकडे, खिडकीकडे, दाराकडे बघत राहायच्या. तिसऱ्या घरात बसल्या आणि उठेचनात. मी म्हटलं, 'काकू, काय झालं?'

'काही नाही,' त्या म्हणाल्या. 'इथे मला बसवतंय.'

बहिणीच्या गल्लीतलंच घर होतं ते, दोन खोल्यांचं. काकूंनी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. आम्ही जळगावला परत आलो. आबा कचेरीत बसले होते. माझी खात्री होती की आता ते प्रश्न विचारतील, दार कुठल्या दिशेला, बोअर की नळ, मागे काय आहे, आणि उद्याच स्टूल घेऊन निघतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

'आबा, एकदा बघून येता का?' शेवटी मीच म्हटलं.

'हिने पाहिलंय,' आबा म्हणाले आणि पुन्हा मुद्रितात डोकं घातलं.

सामान थोडंच होतं, एका टेम्पोत मावलं. मी मागून बसने गेले. मी पोचले तेव्हा टेम्पो रिकामा होत होता आणि आबा दारापाशी गल्लीत उभे होते, अजून आत न गेलेले. दुपार तापली होती. काकू आतून बाहेर आल्या, त्यांच्या केसांत भिंतीचा चुना पडला होता.

'पुढची खोली जरा तापते,' त्या म्हणाल्या. 'मागे बरं आहे.'

'असेल,' आबा म्हणाले.

'या आत. दाखवते.'

आणि आबा त्यांच्या मागोमाग आत गेले.